गजग्याची कुळकथा

गजगा, म्हणजे पुस्तकातला सागरगोटा, हा एका काटेरी वेलीचा दाणा. शेंगही काटेरी; आत बहुधा एक-दोन दाणे, राखाडी आणि गुळगुळीत. कवच इतके घट्ट की पाणी आत शिरत नाही, आणि आतल्या पोकळीमुळे दाणा तरंगतो. त्यामुळे ही वेल उष्ण प्रदेशांच्या किनाऱ्यांवर दूरवर पसरली. तिचे दाणे वाहत वाहत स्कॉटलंडच्या बेटांनाही लागत. तिथले लोक दृष्ट लागू नये म्हणून ते पोरांच्या गळ्यात बांधत, अशी नोंद मार्टिन मार्टिन यांच्या 1703च्या पुस्तकात आहे.

आपल्याकडे वेल कुंपणाला लागली. कडू गर तापावरच्या औषधात गेला, दाणे पोरींच्या हातात आले. पाच गजगे घ्यायचे, एक वर उडवायचा, तो खाली येईतो बाकीचे वेचायचे. पोरांनी आणखी एक उपयोग काढला: दगडावर घासून तापवायचा आणि दुसऱ्याच्या दंडाला चटका द्यायचा.

खेळ मोडला तरी एखादा गजगा मुठीत राहतोच. आधी गार लागतो, मग ऊब धरतो; दोन आपटले की टक्क वाजतात. अशा स्पर्शात आणि आवाजात अनेक स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले रमतात. लिओ कॅनर यांनी 1943 साली अमेरिकेत 11 मुलांचे वर्णन करून स्वमग्नता जगापुढे मांडली. त्यातला पहिला मुलगा, डोनाल्ड, हाती येईल ती वस्तू गरगर फिरवत बसे. याला आज स्टिमिंग म्हणतात. गर्दी-गोंगाट असह्य झाला की अशा हालचालीने मन थाऱ्यावर येते. 2017 साली जगभर खपलेल्या फिजेट स्पिनरमागेही हाताची हीच गरज होती.

बीड जिल्ह्यातला वडवणी हा ऊसतोड्यांचा तालुका; तिथल्या स्वमग्न लेकरांनाही ही गरज असते. हंगाम लागला की बिऱ्हाडे फडावर निघतात, कित्येक लेकरेही बरोबर जातात. कोपी नवी, माणसे नवी, ट्रॅक्टरची घरघर नवी. त्यात स्वमग्न लेकराच्या मुठीत ओळखीची एक वस्तू असणे हा मोठा आधार. गजगा त्याला पुरतो. मात्र वस्तू तोंडात घालणाऱ्या लेकराला तो देऊ नये, घशात अडकण्याची भीती असते.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नतेचीही नोंद झाली. घराने आणि शाळेने आता एवढे करावे: लेकरू गजगा चाळवत बसले, तर ‘चाळे बंद कर’ म्हणून तो हिसकावू नये. त्या चाळ्यानेच ते स्वतःला सावरत असते.