तळटीप १४ : उज्जैनही न गाठणारी गाडी

१४. बडा गणपती : पश्चिम इंदूरच्या मल्हारगंज भागातले देऊळ, मूर्ती सुमारे २५ फूट उंच. तिथल्या चौकालाही हेच नाव. इथे नारळ फोडून निघाली तरी उज्जैन गाठणार नाही, अशी लेखक जिची टर उडवतात ती गाडी म्हणजे ‘अ‍ॅस्टन मार्टिन एएमआर-वन’ (२०११). फ्रान्समधल्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत २००९ साली याच कंपनीची व्ही-१२ इंजिनाची गाडी चौथी आली होती. नवे नियम आले तेव्हा कंपनीने ती बाजूला ठेवून दोन लिटरच्या, सहा सिलिंडरांच्या टर्बो इंजिनाची उघडी गाडी काही महिन्यांत उभी केली. घाई भोवली. एप्रिलमध्ये पॉल रिकार्ड सर्किटवर ती रखडतच धावली. जूनमध्ये ल मांला दोन गाड्या उतरवल्या. पहिली दोन फेऱ्यांत बाद, दुसरी चार फेऱ्यांत. कारण इंजिनाचेच. विजेत्या ऑडीने ३५५ फेऱ्या मारल्या. तिथली एक फेरी सुमारे १३.६ किलोमीटरची. म्हणजे चार फेऱ्यांचे ५४ किलोमीटर भरतात, आणि तेवढ्यात इंदूरहून उज्जैन जवळपास येतेच! लेखकाची थट्टा खरे तर पहिल्या गाडीलाच लागू पडते. ती वाटेतल्या सांवेरच्या आसपास बंद पडली असती. त्यानंतर कंपनीने ही गाडी शर्यतीत उतरवली नाही. तिचा कार्बन फायबरचा सांगाडा मात्र २०१२ च्या ल मां शर्यतीतल्या तिकोनी ‘डेल्टाविंग’साठी वापरला गेला.