कृष्णा : एका सावळ्या नावाची कुळकथा

तासगाव, पलूस, वाळवा या पट्ट्यात जुन्या पिढीतल्या कृष्णाबाई गावोगावी भेटतात. बोलण्यात त्यांची कधी किस्नाबाई होते, कधी नुसती कृष्णा. देवकीच्या कृष्णावरून हे नाव पडलं असावं, असं आपण सहज धरून चालतो. नावाचं कूळ मात्र वेगळंच निघतं. त्यात आधी रंग आहे, मग द्रौपदी, आणि मग आपली नदी.

संस्कृतात कृष्ण म्हणजे काळा, सावळा. त्याचं स्त्रीलिंगी रूप कृष्णा. महाभारताच्या आदिपर्वात द्रुपदाच्या यज्ञवेदीतून कन्या प्रकट होते. ती वर्णाने सावळी, म्हणून तिचं नाव कृष्णा ठेवतात. द्रौपदी आणि याज्ञसेनी ही तिची नावं बापावरून आली, पांचाली देशावरून. कृष्णा हे एकच नाव तिचं स्वतःचं, तिच्या अंगकांतीवरून पडलेलं. जिच्या रूपापुढे स्वयंवरातले राजे दिपून गेले, तिचं नावच ‘काळी’ आहे, आणि त्यात कमीपणाचा लवलेश नाही.

पाली-प्राकृतात ‘ष्ण’चा ‘ण्ह’ झाला आणि कृष्णाची कण्हा झाली. पाली कुणाल जातकात पाच पती वरणारी राजकन्या कण्हा याच नावाने येते. वेस्संतर जातकातल्या राजपुत्राच्या मुलीचं नाव कण्हाजिना. ही कथा बौद्ध धर्माबरोबर थायलंडपर्यंत गेली आणि तिथे ती मुलगी कण्हा म्हणूनच ओळखली जाते. आपल्याकडचे कान्हा, कान्होबा याच वळणाचे, आणि मंगळवेढ्याची संत कान्होपात्राही.

शब्दाचे भाऊबंद त्याहूनही लांब पसरले आहेत. बाल्टिक समुद्राकाठच्या जुन्या प्रशियन भाषेत काळ्याला ‘किर्स्नन’ म्हणत. रशियन ‘चोर्नी’ त्याच मुळातला. लिथुआनियात तर किर्स्ना नावाची एक नदीच वाहते. महाबळेश्वरची कृष्णा आणि ती किर्स्ना, दोघींचं नाव एकाच मुळातून आलं आहे.

आपल्या नदीचं जुनं नाव मात्र लांबलचक होतं. ओडिशातल्या हाथीगुंफेत खारवेल राजाचा कोरीव लेख आहे, त्यातली ‘कण्हबेंणा’ म्हणजे हीच नदी असावी. संस्कृत ग्रंथांत ती कृष्णवेणा किंवा कृष्णवेण्णा होते. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात, त्यामुळे इथल्या माणसाला हे जोडनाव सहज उमगतं. नदी आंध्रात समुद्राला मिळेपर्यंत सुमारे १४०० किलोमीटर वाहते, आणि हे जोडनाव दक्षिणेत मुलींच्या नावात टिकून राहिलं. तेलुगू, कन्नड आणि तमिळ घरांत कृष्णवेणी हे नाव सर्रास आढळतं. १९४९ साली ‘मन देशम’ चित्रपटातून एन. टी. रामाराव यांना पडद्यावर आणणाऱ्या निर्मात्या आणि अभिनेत्री सी. कृष्णवेणी या त्यांपैकीच एक.

उत्तरेत हे नाव नदीविना वाढलं. उदयपूरची राजकन्या कृष्णाकुमारी १८१० साली राजकारणाला बळी पडली, तिला विष देण्यात आलं. मायकेल मधुसूदन दत्त यांनी तिच्यावर बंगालीत नाटक लिहिलं. हिंदीत कृष्णा सोबती यांनी हे नाव २०१७ च्या ज्ञानपीठापर्यंत नेलं.

आपल्या भागात मात्र नाव ठेवलं ते नदीवरून. तासगाव तालुका आधी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. या सगळ्या मुलखाला बांधून ठेवलं ते नदीने. खटावातून येणारी येरळा तासगाव तालुका भिजवत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. नदीचं माहात्म्य असं सांगतात की सावित्रीच्या शापाने विष्णूच कृष्णा नदी झाला. देव बाई झाला आणि लोकांनी तिला कृष्णामाई म्हटलं. वाईच्या घाटांवर आळीआळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. पावसाळ्यात पाणी चढलं की सांगलीकडच्या बायका घाटावर जातात, पाण्याला हळदकुंकू वाहतात आणि खण, नारळ, तांदूळ घालून तिची ओटी भरतात. ओटी सवाष्णीची भरतात, माहेरवाशिणीची भरतात. तीच नदीची भरायची, म्हणजे ती घरातलीच झाली. घरातल्या मुलीला तिचं नाव ठेवणं मग ओघानेच आलं. नुसतं कृष्णा हे नाव पुरुषांनाही चालतं. बाई लागलं की नदीही ओळखू येते आणि बाईही.

आता बारशाला हे नाव क्वचित ऐकू येतं. ते जुनाट वाटतं हे एक कारण; दुसरं कारण रंगाचं आहे. लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ मागतात, आणि सावळ्या तान्हीला उजळ करायला डाळीचं पीठ आणि साय चोळतात. ज्या मुलखाचा ऊस काळ्या जमिनीत पोसतो आणि ज्याच्या नदीचं नावच काळी, त्या मुलखाला हे शोभत नाही. आपल्या पूर्वजांनी महाकाव्याच्या नायिकेला आणि आपल्या सर्वांत मोठ्या नदीला हे नाव अभिमानाने दिलं. तुमच्या घरात मुलगी जन्मली, तर नावांच्या यादीत कृष्णा पहिली लिहा. आणि ती मोठी झाली की या नावाचा अर्थ तिला ताठ मानेने सांगा.