पॉलिमर क्ले केन

पॉलिमर क्ले केन म्हणजे रंगीत पॉलिमर क्लेचे तुकडे, पट्ट्या व वळ्या एकत्र जोडून तयार केलेली अशी कांडी, की जिच्या आडव्या छेदात एक ठरावीक नक्षी दिसते. ही नक्षी कांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असते. त्यामुळे कांडी कोठेही कापली तरी प्रत्येक चकतीवर तीच आकृती उमटते. या चकत्या मुख्यतः हस्तनिर्मित दागिन्यांचे मणी, लोलक आणि कर्णभूषणे यांसाठी वापरतात. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत जशी सारखीच गुंडाळी दिसते, तेच तत्त्व येथे आहे.

== पदार्थाचे स्वरूप ==

नावात 'क्ले' हा शब्द असला तरी या पदार्थाचा मुख्य घटक माती नसतो. तो पॉलिव्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी) या प्लास्टिकचे सूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य (प्लास्टिसायझर), रंगद्रव्य आणि पूरक भुकटी यांचे मिश्रण असतो. शाडू किंवा कुंभारी माती पाणी उडून गेल्यावर वाळते. पॉलिमर क्लेमध्ये पाणी नसल्याने ती उघड्यावर ठेवूनही दीर्घकाळ मऊ राहते. उष्णता दिल्यावर प्लास्टिसायझर कणांत शोषला जातो, कण एकमेकांत मिसळतात आणि वस्तू कायमची घट्ट होते. या क्रियेत आकार जवळजवळ आटत नाही, म्हणून बारीक नक्षी जशीच्या तशी टिकते.

== इतिहास ==

नक्षीची कांडी करून तिच्या चकत्या कापण्याची कल्पना मूळची काचकामातील आहे. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र वितळवून, लांब ओढून व कापून केलेली काच प्राचीन रोमन जगात प्रचलित होती. इटलीतील व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागिरांनी ही कला पुढे भरभराटीस आणली. तिला 'मिलेफिओरी' म्हणजे 'हजार फुले' असे नाव आहे.

पॉलिमर क्लेचा उगम जर्मनीत झाला. बाहुल्या बनविणाऱ्या कॅथे क्रूझे यांची कन्या सोफी रेहबिंडर-क्रूझे यांनी अशा पदार्थावर प्रयोग केले. १९६४ साली त्याचे हक्क एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेले आणि पुढे तो 'फिमो' या नावाने बाजारात आला. १९६० च्या दशकातच अमेरिकेत 'स्कल्पी' ही क्ले तयार झाली. नॅन रोश यांच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द न्यू क्ले' या पुस्तकामुळे या तंत्राचा प्रसार वाढला.

== नक्षीचे प्रमुख प्रकार ==

* '''समकेंद्री केन''' : एका वळीभोवती दुसऱ्या रंगाचा पातळ थर गुंडाळतात. हा सर्वांत सोपा प्रकार असून फुलांच्या पाकळ्यांसाठी तो उपयोगी पडतो.
* '''गुंडाळी केन''' : दोन रंगांच्या पोळ्या एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळतात.
* '''पट्ट्यांचा केन''' : अनेक रंगांचे थर एकावर एक रचतात.
* '''चौकटी केन''' : पट्ट्यांचा केन कापून, एकाआड एक पट्टी उलटी लावून बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी साधतात.
* '''फुलाचा केन''' : मध्यभागी एक वळी आणि तिच्याभोवती पाच-सहा पाकळ्यांचे केन लावून मधल्या खाचा पार्श्वभूमीच्या रंगाने भरतात.
* '''कॅलिडोस्कोप केन''' : त्रिकोणी केनचे समान तुकडे आरशातील प्रतिमेप्रमाणे समोरासमोर जोडतात.

एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणारी छटा 'स्किनर मिश्रण' या पद्धतीने मिळते. ही पद्धत ज्युडिथ स्किनर यांच्या नावाने ओळखली जाते. दोन रंगांचे त्रिकोण जोडून झालेली पोळी प्रत्येक वेळी त्याच दिशेने दुमडून पुन्हा पुन्हा लाटतात.

== कृती ==

सर्व रंगांची क्ले मळून सारख्याच मऊपणाची करणे ही पहिली अट आहे. एक रंग मऊ आणि दुसरा कडक असल्यास दाब दिल्यावर मऊ रंग आधी पसरतो व नक्षी बिघडते. घटक जोडताना मध्ये हवा राहू देत नाहीत. आकृती स्पष्ट दिसावी म्हणून भागांभोवती गडद रंगाची पातळ किनार देतात.

यानंतर केन बारीक करतात. प्रथम मध्यभागी दाबून, मग दोन्ही टोकांकडे सरकत, केन फिरवत सर्व बाजूंनी सारखा दाब देतात. या क्रियेत घनफळ बदलत नाही. ५ सेंमी व्यासाचा व ५ सेंमी लांबीचा केन १ सेंमी व्यासाचा केल्यास छेदाचे क्षेत्रफळ २५ पटींनी घटते आणि लांबी १२५ सेंमी होते. टोकांकडील विस्कटलेला २५ सेंमी भाग वगळला, तरी २ मिमी जाडीच्या ५०० चकत्या मिळू शकतात. या टाकाऊ भागाचा उपयोग मण्यांच्या गाभ्यासाठी होतो.

ताजा केन हातांच्या उबेने मऊ झालेला असतो. तो काही तास तसाच ठेवून किंवा शीतकपाटात थंड करून मगच धारदार पात्याने कापतात. प्रत्येक कापानंतर केन थोडा फिरवल्यास एकच बाजू चपटी होत नाही.

मणी करताना क्लेच्या गोळीवर चकत्या लावून, सांधे दिसेनासे होईपर्यंत ती तळहातांत वळतात. सुईने भोक पाडून मणी तारेवर ओवून भाजतात. भाजण्याचे तापमान उत्पादनानुसार साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस असते. अचूक तापमान व वेळ वेष्टनावर दिलेली असते. गार झालेले मणी पाण्यात पॉलिश पेपरने घासून कापडाने चमकवतात.

== दक्षता ==

कमी भाजलेला मणी वरून घट्ट वाटला तरी ठिसूळ राहतो आणि वापरात तुटतो. याउलट ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापमान फार वाढल्यास पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड हा श्वसनमार्गास त्रासदायक वायू बाहेर पडतो. म्हणून ओव्हनमध्ये स्वतंत्र तापमापक ठेवणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. गॅसच्या ज्योतीवर ही क्ले कधीही भाजू नये. या कामासाठी वापरलेले पोळपाट, लाटणे व सुऱ्या पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत.

पूर्वी प्लास्टिसायझर म्हणून थॅलेट संयुगे वापरली जात. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने मुलांच्या वस्तूंमधील काही थॅलेटांवर बंधने आली आणि उत्पादकांनी घटकद्रव्ये बदलली. न भाजलेली क्ले उन्हात ठेवल्यास कडक होऊ लागते. त्यामुळे महाराष्ट्राच्या पठारी भागातील उन्हाळ्यात ती थंड जागी ठेवावी लागते. काही कठीण प्लास्टिकांना ती चिकटून त्यांना मऊ करते, म्हणून ती पॉलिथिनमध्ये किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळतात.

भाजलेली पॉलिमर क्ले हे प्लास्टिकच असल्याने ती मातीत कुजत नाही. 'क्ले' या नावामुळे असे दागिने मातीचे समजणे चुकीचे आहे. भाजलेल्या मातीचे, म्हणजे टेराकोटाचे दागिने निराळे असतात.

== महाराष्ट्रातील मण्यांची परंपरा ==

पॉलिमर क्ले हा आधुनिक पदार्थ असला तरी मणी घडविण्याची कला महाराष्ट्रात प्राचीन आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, घोडेगाव ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील प्रवराकाठच्या नेवासा येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तेथे ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांत टिकून राहिलेल्या दोऱ्याच्या परीक्षणात कापसाचे व रेशमाचे तंतू आढळले. काच, दगड आणि भाजलेली माती यांचे मणीही महाराष्ट्रातील अनेक प्राचीन स्थळी सापडले आहेत. मो. गं. दीक्षित यांनी भारतीय मणी व काच यांचा सविस्तर अभ्यास केला.