खंडक पुरावा

खंडक पुरावा : एखादे विधान खोटे ठरवणारी नोंद, वस्तू, साक्ष किंवा घटना. ‘असे कधीच होत नाही’ हे सरसकट विधान एका खात्रीच्या उदाहरणाने कोसळते. ते खरे ठरवायला हजार उदाहरणेही पुरत नाहीत. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी 1934 च्या आपल्या ग्रंथात विज्ञानाची कसोटी याच भेदावर उभी केली. न्यायदर्शनातही ज्या हेतूचे (अनुमानातील कारणाचे) साध्य प्रत्यक्ष अनुभवाशी विसंगत ठरते, त्याला ‘बाधित’ म्हणतात.

मराठवाड्यातील हदगावसारख्या तालुक्यात या पुराव्याची गाठ पडते ती बहुधा जमिनीच्या वादात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे सातबारावरील नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते. ‘नोंद चुकीची आहे’ एवढे म्हणून भागत नाही. नोंदणीकृत खरेदीखत किंवा वारसाहक्काची कागदपत्रे पुढे ठेवावी लागतात. एखादी गोष्ट शाबीत न होणे आणि ती खोटी ठरणे यांत कायदा फरक करतो. व्यवहारात हा फरक सर्रास विसरला जातो, आणि त्याची किंमत दुबळ्या पक्षकाराला मोजावी लागते.

मराठवाड्याला खंडक पुराव्याचा सर्वांत जबर अनुभव भूकंपाने दिला. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे मोठा भूकंप होत नाही, ही समजूत अभ्यासकांतही रुजलेली होती. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने तिला तडा गेला. पण तो धरणाच्या पाण्यामुळे झाला, असे म्हणून त्याला अपवाद ठरवता आले. विधान वाचवण्याची ही वाट नेहमीची आहे. अपवादाचे कारण स्वतंत्रपणे तपासले असेल तरच ती ग्राह्य. 1992 च्या पावसाळ्यापासून मराठवाड्यातील किल्लारीला धक्के जाणवू लागले. ते लहान होते. त्यांनी समजूत दुबळी केली, खोटी ठरवली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार जीव गेले.

किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या भूकंपक्षेत्रात होते. 2002 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते क्षेत्रच नकाशातून काढून टाकले आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात घातला.