पेडर बाल्केचं तळहाताएवढं वादळ

लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक वादळ आहे. १२ सेंटिमीटर उंच, साडेसोळा सेंटिमीटर रुंद. हातातला फोन आडवा धरलात तर लांबीला जवळपास तेवढंच भरेल. लाकडी फळीच्या तुकड्यावर काळ्या-पांढऱ्या रंगाचे फटकारे आणि लाटांच्या कचाट्यात सापडलेली जहाजं. साधारण १८६२चं हे चित्र नॉर्वेच्या पेडर बाल्केचं. स्क्रीनवर मी ते अनेकदा मोठं करून पाहिलं आहे. जवळ गेलं की समुद्र नाहीसा होतो आणि उरतात फक्त पुसलेले, ओढलेले रंग.

बाल्केचा जन्म १८०४चा, म्योसा तळ्यातल्या हेल्गोया बेटावर, अगदी गरीब घरातला. तो सुरुवातीला घरं रंगवायचा. शेतकऱ्यांच्या घरातल्या भिंती, दारं, कपाटं सजवणं हा त्याचा धंदा. टोटन भागातल्या याच शेतकऱ्यांनी त्याच्या शिक्षणाला हातभार लावला. ‘बाल्के’ हे आडनावही तिथल्या एका शेतवाडीचं.

स्टॉकहोमला शिकत असताना, १८३२च्या उन्हाळ्यात, तो बोटीने नॉर्वेच्या किनाऱ्याने वर वर जात पार उत्तरेच्या टोकापर्यंत पोचला. तेव्हा चित्रकार तिकडे सहसा फिरकत नसत. नॉर्थ केपचा काळा कडा, मध्यरात्रीचा उजेड हे सगळं त्याने एकदाच पाहिलं आणि पुढे आयुष्यभर तेच रंगवलं. पुढे ड्रेस्डेनला योहान ख्रिस्टियन डाल या आपल्याच देशातल्या नामवंत चित्रकाराकडे तो शिकला, पण डालसारखं निसर्गाचं बारीक निरीक्षण त्याच्या हातात फारसं टिकलं नाही. माझ्या मते हे बरंच झालं.

मग पॅरिस. फ्रान्सचा राजा लुई-फिलिप तरुणपणी, क्रांतीनंतरच्या परागंदा दिवसांत, १७९५ साली टोपणनावाने नॉर्थ केपपर्यंत जाऊन आला होता. बाल्केची रेखाटनं पाहून त्याला ते दिवस आठवले असणार. त्याने सुमारे तीस मोठ्या चित्रांची ऑर्डर दिली. घरं रंगवणाऱ्याला राजाचं काम! पण पॅरिस तापत चाललं होतं. १८४७ संपता संपता बाल्केने शहर सोडलं आणि फेब्रुवारी १८४८मध्ये राजाचं सिंहासनच गेलं. ती मोठी चित्रं कधी झालीच नाहीत. त्यांच्यासाठी केलेली छोटी तैलरेखाटनं आज लूव्र संग्रहालयात आहेत.

मायदेशी तोवर हवा बदललेली होती. डुसेलडॉर्फमध्ये शिकलेल्या टिडेमान आणि गुडे यांची नीटस, रंगीत चित्रं लोकांना आवडत होती. बाल्के बाजारातून हळूहळू बाहेर पडला. चित्रं विकत नाहीत तर करायची कशाला, असा हिशोब त्याने केला नाही. तो ती स्वतःसाठी करत राहिला, फक्त आकाराने लहान आणि रंगांनी कमी. पांढऱ्या अस्तरावर पातळ काळा रंग ओढायचा, ओला असतानाच ब्रशने, फडक्याने, बोटांनी पुसायचा. जिथे पांढरं उघडं पडेल तिथे फेस, धुकं, बर्फ. साध्या लाकडावर संगमरवर किंवा भारी लाकडाचा भास करून देणाऱ्या रंगाऱ्याच्या या युक्त्या आहेत, असं मला वाटतं. टोटनच्या कपाटांवर शिकलेला हात इथे समुद्र करत होता.

दिवसभराची त्याची धडपड मात्र वेगळीच होती. म्हातारपणी स्त्री-पुरुष दोघांनाही पेन्शन मिळावी, कलावंतांना अनुदान मिळावं यासाठी तो झगडला. ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, शहराच्या कडेला जमीन घेऊन त्याने कामगारांसाठी वस्ती वसवली. बाल्केबी. म्हणजे बाल्केची वाडीच म्हणा ना. लाकडी घरं होती ती. १८७९च्या आगीत बहुतेक जळून गेली. तेव्हा तो पंचाहत्तरीला आला होता.

१८८७ साली तो गेला, तेव्हा लोकांना आठवला तो मुख्यतः समाजकारणातला माणूस. चित्रकार म्हणून त्याचं नाव जवळजवळ पुसलं गेलं होतं.

ते वादळ लंडनच्या संग्रहात आलं २०१० साली, भेट म्हणून. २०१४मध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्याच वर्षअखेरीस ते लंडनला पोचलं. सुरुवात झाली होती ट्रॉम्सोला, नॉर्वेच्या उत्तरेतल्या त्याच किनाऱ्यावर, जो त्याने १८३२मध्ये बोटीतून पाहिला होता.