हँडलचा तडाखा आणि ब्रेकची धूळ

स्वतःच्या मोटारीची दुरुस्ती स्वतः करणाऱ्या गृहस्थास आज आपण हौशी म्हणतों. मोटारीच्या आरंभकाळीं ती हौस नसून नाइलाज होता. दुरुस्तीचीं दुकानें विरळा, आणि गाडी सुरू करणें हीच मुळीं झुंज! पुढच्या बाजूस हँडल घालून इंजिन हातानें फिरवावें लागे. ठिणगीची वेळ मागेंपुढें करणारी कळ चालकापाशीं असे. ती मागें घेण्यास तो विसरला, कीं दट्ट्या माथ्यावर पोंचण्यापूर्वींच भडका उडे, इंजिन उलटें फिरे आणि हँडल मनगटावर आदळे. म्हणून जाणते सांगत, कीं आंगठा हँडलभोंवतीं गुंडाळूं नका, बोटांच्याच बाजूस ठेवा.

अमेरिकेंतील मोटार-उत्पादक बायरन कार्टर १९०८ सालीं वारले. दुसऱ्याची गाडी सुरू करून देतांना बसलेल्या अशाच तडाख्यानें त्यांचा अंत ओढवला, अशी कथा आहे. तिच्या तपशिलाविषयीं एकमत नाहीं. कॅडिलॅकचे हेन्री लेलंड यांना मात्र हँडल नकोसें झालें होतें, हें खरें. त्यांचें काम डेटन शहरीं चार्ल्स केटरिंग यांनीं केलें. दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर त्यांनींच पूर्वीं बसविली होती. काम क्षणभराचें असेल, तर लहानशा मोटरवरहि शक्तीबाहेरचा भार टाकतां येतो. ती तापण्यापूर्वींच काम उरकतें, हें मर्म त्यांना तेथें उमगलें होतें. १९१२ च्या कॅडिलॅकला हा स्टार्टर आला. आपले मिस्त्री त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतात. फोर्डच्या मॉडेल टी गाडीस तो १९१९ सालीं मिळाला.

ब्रेकचा धोका असा तडाखा देणारा नव्हता, आणि म्हणूनच मला तो अधिक भयंकर वाटतो. १९०२ सालीं लुई रेनो यांनीं ड्रमच्या आंत पसरणारे शू योजिले. पुढें त्यांच्या लायनरमध्यें न जळणारा अॅस्बेस्टॉस आला. लायनर झिजे, त्याची धूळ ड्रमच्या पोटांत सांचून राही, आणि तींत अॅस्बेस्टॉसचे तंतु असत. या तंतूंनीं फुप्फुसें निकामी होऊन रॉचडेल येथील एक कामकरी स्त्री १९२४ सालीं वारली, आणि त्याच वर्षीं तिची हकिकत वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. १९३१ सालीं ब्रिटननें नियम केले, पण ते कारखान्यांपुरते. अंगणांत चाक काढून बसलेल्या गृहस्थास ते कोण सांगणार? तेथें अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यावयास १९९९ साल उजाडलें.

माझ्या लहानपणीं शेजारचे काका आपल्या अॅम्बॅसडरचे ब्रेक रविवारीं स्वतः उघडीत. हँडल मारतांना ते आम्हां मुलांना दूर उभे करीत. ड्रम काढला म्हणजे मात्र जवळ बोलावीत, आणि आंतली काळी धूळ फुंकून उडविण्याचा मान आम्हीं आळीपाळीनें घेत असूं.