घागर, तवा आणि जर्मनचे पातेले

उमरीच्या आमच्या स्वयंपाकघरात तांब्याची घागर, लोखंडी तवा आणि जर्मनचे पातेले शेजारी शेजारी असत. पुढे पुरातत्त्वाच्या नादाला लागलो तेव्हा या तिघांनी मला एक प्रश्न घातला. पृथ्वीच्या कवचात पातेल्यातले अॅल्युमिनियम सर्वांत विपुल, सुमारे 8 टक्के. लोखंड 5 टक्क्यांच्या आसपास. तांबे अगदी नगण्य. मग माणसाच्या हाती ते नेमके उलट्या क्रमाने का आले?

‘माणूस हळूहळू शहाणा होत गेला’ हे उत्तर मला पटत नाही. खरी गोष्ट प्राणवायूच्या पकडीची आहे. तांबे कमी क्रियाशील. त्याच्या ऑक्साइडातला प्राणवायू जळता कोळसा सहज हिरावतो आणि 1085 अंशांना तांबे वितळून वाहू लागते. म्हणून ते दगडी पात्यांच्या काळातच हाती लागले.

लोखंडाची पकड घट्ट. ती कशी सोडवली, ते पाहायला नागपूर जिल्ह्यात, पेंच नदीकाठच्या नायकुंडला जावे लागते. 1978 ते 1980 या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात तिथे इ.स.पू. 700 च्या सुमाराची लोहभट्टी सापडली: मातीच्या विटांची, भात्याच्या नळ्यांसह, भोवती धातुमळी. कोळशापासून होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला प्राणवायू काढून घेतो. पण लोखंड वितळायला 1538 अंश हवेत. एवढी धग अशा भट्टीत नसते. हाती येतो तो मळीने भरलेला सच्छिद्र गोळा. तो पुन्हा पुन्हा तापवायचा, ठोकायचा, मळी पिळून काढायची. (हे करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही.) जवळच्याच माहूरझरीत पुरलेल्या घोड्याचा साज तांब्याच्या पत्र्याचा, त्यावरच्या घुंड्या मात्र लोखंडी. एवढ्या कष्टाचे लोखंड तेव्हा मिरवण्याचीही वस्तू असावी, असे मला वाटते.

अॅल्युमिनियमपुढे मात्र कोळशाची भट्टी हरली. प्राणवायू त्याला सोडेचना. 1886 साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न कळता, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अॅल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडली, तेव्हा कुठे तो स्वस्तात सुटला. तोवर हा धातू राजेरजवाड्यांच्या मेजावरचा होता.

आईने पुढे ती घागर मोडीत देऊन जर्मनची आणखी दोन पातेली घेतली. वर पैसेही आले, म्हणून ती खूश होती.